शाळा बोर्डाची, मूल कुणाचं?

१८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला आपलं निवेदन सादर केलं. त्यातला सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह सगळ्यांना ठाऊक आहे. मुलांना किमान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी शाळेच्या पुस्तकातही येते. त्याच निवेदनातला देखरेखीचा भाग मात्र फार कमी वाचला जातो. शाळा काढून भागत नाही, ती कशी चालली आहे ते कुणीतरी जाऊन बघावं लागतं, असं फुले तिथे बजावतात. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक फेरी काही उपयोगाची नाही. तिमाहीला तरी तपासणी हवी, आणि मधूनमधून कुणालाही न कळवता जायला हवं. गावच्या आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर हे काम सोपवून उपयोग नाही, कारण त्यांच्या मागे इतर कामं इतकी असतात की शाळेत डोकावायला त्यांना सवड नसते, आणि आले तरी ते वरवर बघून निघून जातात.

याच निवेदनात आणखी एक वाक्य आहे. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, पण शाळांचा कारभार त्यांच्या एकट्यांच्या हाती कधीही देऊ नये, वर शिक्षणखात्याची देखरेख असावी, असं फुल्यांनी स्पष्ट म्हटलं. हे बोलणारा माणूस बाहेरचा टीकाकार नव्हता. १८७६ पासून काही वर्षं फुले स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नगरपालिकेच्या बैठकीत पैसा कुठे जातो आणि कुणाच्या शब्दाला वजन असतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

पैशाचा मुद्दाही त्यांनी सोडला नाही. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई. त्यातले दोन भाग रस्त्यांना आणि एक भाग शाळांना जाई. शेतकरी कर भरत होता, आणि शाळेच्या बाकावर त्याचं मूल क्वचितच दिसत होतं.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणाचा हाच काळ. १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा आणि जिल्हा नगरपालिकांचा कायदा आला, आणि हंटर आयोगाच्या शिफारशीनुसार प्राथमिक शाळा हळूहळू या संस्थांकडे वळल्या. मुंबई शहरात आधी सरकार आणि महापालिका यांची संयुक्त समिती होती. १९०७ नंतर ही जबाबदारी सर्वस्वी महापालिकेवर आली. शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणायची रीत तेव्हाची. खेड्यापाड्यांत आजही म्हातारी माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेला बोर्डाची शाळा म्हणतात.

शाळा आल्या, तरी मुलं शाळेत आणायची कुणी, हा प्रश्न उरला. याचं पहिलं ठोस उत्तर ब्रिटिश मुलखात सापडत नाही. ते बडोदा संस्थानात सापडतं. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली शहर आणि आसपासच्या काही गावांत सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात नेला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. मुंबईत त्याच साली इब्राहिम रहिमतुल्ला आणि चिमणलाल सेटलवाड यांनी शहरापुरती तरी सक्ती आणा म्हणून आग्रह धरला. सरकारने समिती नेमली, आणि वेळ अजून आलेली नाही असा निष्कर्ष त्या समितीने काढला.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात जे विधेयक मांडलं, ते आज वाचताना त्याचा संयम जाणवतो. सरसकट सक्ती त्यांनी मागितलीच नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला सक्ती करायची असेल तिला ती करू द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती, आणि तीही जिथे मुलांची शाळेतली हजेरी आधीच बऱ्यापैकी आहे तिथेच. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थेचा आणि दोन सरकारचे. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

कोल्हापुरात शाहू महाराजांना असल्या मतदानाची अडचण नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या मजुराला हा रुपया चांगलाच जड होता. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायला लावलं. इलाख्यातही विठ्ठलभाई पटेलांनी गोखल्यांचं काम पुढे नेलं. १९१८ च्या कायद्याने जिल्हा नगरपालिकांना सक्तीची मुभा मिळाली आणि १९२० मध्ये मुंबई शहरासाठी वेगळा कायदा झाला.

त्यानंतरचं १९२३ हे वर्ष या इतिहासातलं वळण आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले रँग्लर र. पु. परांजपे तेव्हा इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, शाळेची जागा, खरेदी, सगळं निवडून आलेल्या सभासदांच्या हाती. हेतू चांगला होता. लोकांच्या शाळा लोकांनी चालवाव्यात, याला कोण विरोध करील? पण फुल्यांनी चाळीस वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं, तेच थोड्याच वर्षांत दिसू लागलं. निवडणुकीत मदत केलेला शिक्षक सोयीच्या गावी, विरोधात गेलेला दूरच्या वाडीवर. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२९ च्या हार्टोग समितीने स्थानिक संस्थांकडे इतका अधिकार सोपवण्यावर बोट ठेवलं. पहिलीत बसलेल्या शंभर मुलग्यांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोचतात, हा तिचा आकडा होता. उरलेली ८२ मुलं कुठे गेली, हे नावानिशी सांगू शकणारं कुणी नव्हतं.

आणि काही मुलांना तर शाळेचा उंबरठाच ओलांडू दिला जात नव्हता. १९२३ मध्येच सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असं त्यात होतं. अंमलबजावणी मात्र स्थानिक संस्थांकडे होती. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी तिथे पाणी प्यायला गेले तेव्हा काय घडलं, ते सर्वांना माहीत आहे. शाळांचीही तीच कथा होती. ठराव कागदावर, आणि मूल व्हरांड्यात. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या ज्या स्टार्ट समितीवर आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा होते, तिला १९३० च्या अहवालात हा प्रश्न पुन्हा मांडावा लागला. मूल दाराबाहेर बसलं आहे हे वर्गातल्या शिक्षकाला दिसत होतं, बोर्डाच्या सभासदालाही दिसत होतं. ज्या सभासदाची निवड गावातल्या वजनदार घरांवर अवलंबून होती, त्याने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. स्थानिक देखरेखीची ही सर्वांत मोठी मर्यादा आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून या विषयावर लिहिता येणार नाही.

मुंबईत काही काळ चांगलं काम झालं, याचीही नोंद हवी. १९२५ मध्ये महापालिकेने एफ आणि जी वॉर्डांत सक्ती लागू केली. म्हणजे परळ, शिवडी, वरळी, माहीम, गिरणगावाचा मोठा पट्टा. गिरणीचा भोंगा वाजला की आईबाप दोघंही कामावर, आणि चाळीत मोठी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली. अशा घरात मुलं किती, कितव्या वर्षाची, शाळेत कुठली जातात, हे घरोघर जाऊन लिहून काढल्याशिवाय सक्तीला काही अर्थच नव्हता. महापालिकेच्या शाळा समितीत काम केलेल्या रा. वि. परुळेकरांनी प्राथमिक शिक्षणाचा हा हिशोब आयुष्यभर मांडला. किती मुलं आली यापेक्षा किती टिकली हे विचारायला त्यांनी शिकवलं.

मुलाची शाळा अशी बोर्डाकडे आली. मुलाची सुरक्षितता मात्र वेगळ्याच वाटेने गेली.

तिची सुरुवात समाजसुधारकांच्या घरांतून झाली. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी तसंच एक गृह सुरू केलं. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी धनकवडीला मुलांसाठी आश्रम चालवला, आणि १८९७ च्या सुमारास पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणलं. शहरात ज्या मुलांवर गुन्ह्याचा शिक्का बसे, त्यांच्यासाठी १८५७ पासून डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली औद्योगिक शाळा होती. यातली कुठलीही संस्था नगरपालिकेने काढलेली नव्हती.

१९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्याने सरकार या क्षेत्रात उतरलं. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचं रिमांड होम तिचं, आणि पुढे मानखुर्दचं बालगृहही तिचंच. पोलीस, मॅजिस्ट्रेट, प्रोबेशन ऑफिसर आणि संस्था अशी एक साखळी तयार झाली. १९३६ मध्ये नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने टाटा ट्रस्टची समाजकार्याची शाळा निघाली, तेव्हा प्रशिक्षित माणसंही मिळू लागली. पण या साखळीत महापालिकेची शाळा कुठेच नव्हती. वर्गशिक्षकाला मुलाच्या पाठीवरचा वळ दिसला, तर तो सांगायचा कुणाला? आणि रिमांड होममध्ये पोचलेल्या मुलाची शाळा कुठली होती, ती त्याने कधी सोडली, हे रिमांड होमने विचारायचं कुणाला? दोन खाती, दोन दप्तरं. मूल एकच होतं.

इंग्लंडलाही या फटीची किंमत मोजावी लागली आहे. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशरमधल्या एका शेतावर डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने मेला. त्याला न्यूपोर्ट कौन्सिलने तिथल्या एका कुटुंबाकडे सांभाळायला दिलं होतं. शेत मात्र श्रॉपशरच्या हद्दीत होतं. लक्ष दुसऱ्याने ठेवायचं आहे, असं दोन्ही कौन्सिलांना वाटत राहिलं. चौकशी झाली, पाठोपाठ कर्टिस समितीचा अहवाल आला आणि १९४८ च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या कौन्सिलला मुलांसाठी स्वतंत्र समिती आणि एक स्वतंत्र अधिकारी ठेवणं भाग पडलं. त्याच १९४८ साली मुंबई राज्यानेही मुलांचा नवा कायदा केला, पण आपल्याकडे ती साखळी पोलीस, कोर्ट आणि संस्था अशीच राहिली. स्थानिक संस्था बाहेरच राहिली.

इंग्लंडचं उदाहरण आरती ओवाळण्यासाठी दिलेलं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी छळाने मेली, तेव्हा चार कौन्सिलांचे समाजसेवा विभाग, पोलीस आणि रुग्णालयं अशा सगळ्यांनी तिला पाहिलेलं होतं. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीने तिला वाचवण्याच्या बारा संधी हुकल्याचं दाखवलं. त्यानंतर २००४ च्या कायद्याने तिथल्या कौन्सिलांत शिक्षण आणि मुलांचं संरक्षण एकाच संचालकाखाली आणलं, आणि त्यासाठी जबाबदार असा एक निवडून आलेला सभासद नेमायला लावला. मुलाचं काही वाईट झालं तर कुणाला विचारायचं, हे तरी त्यामुळे ठरलं.

महाराष्ट्रात १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्कूल बोर्डांचे बरेच अधिकार सरकारी प्रशासन अधिकाऱ्याकडे गेले. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्याची प्राथमिक शाळा त्यांच्या शिक्षण समितीखाली आली. शिक्षण सभापतीच्या गाडीला गावात मान मिळू लागला. मुलाच्या खाण्यापिण्याची जबाबदारी तिसऱ्याच वाटेने आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालवाड्या भरवल्या होत्या. त्यांचा अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजनेचे पहिले ३३ प्रकल्प सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातलं मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी ही दोन होती. ग्रामीण अंगणवाड्या जिल्हा परिषदेकडे राहिल्या. शहरातल्या थेट राज्याच्या आयुक्तालयाकडे. म्हणजे धारावीतलं एखादं मूल सकाळी राज्याच्या अंगणवाडीत असतं, सहा वर्षांचं झालं की महापालिकेच्या शाळेत जातं, आणि संकटात सापडलं की पोलिसांमार्फत बाल कल्याण समितीपुढे उभं राहतं. तिन्ही ठिकाणचे कागद एकमेकांना भेटत नाहीत.

मेळघाटने तर एक कटू गोष्ट शिकवली. तिथे अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शाळा तिन्ही जिल्हा परिषदेच्याच छताखाली होत्या, तरी १९९३ मध्ये कुपोषणाने मेलेल्या मुलांच्या बातम्यांनी राज्य हादरलं. एकाच छताखाली आणणं पुरेसं नसतं. पाड्यावर चालत जाणारं, वजनकाटा स्वतः डोळ्यांनी बघणारं आणि परत येऊन सभागृहात जाब विचारणारं माणूस लागतं.

गेल्या पंधरावीस वर्षांत कागदावर तरी हे जाळं दाट झालं आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या ९ व्या कलमाने आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य ठरवलं आहे. बालविवाह रोखण्याची जबाबदारी राज्याने गावात ग्रामसेवकावर टाकली आहे. गावोगावी सरपंचाच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असावी, अंगणवाडी सेविकेने तिचं काम पाहावं, असंही ठरलं आहे. जिल्ह्यात मात्र एक जिल्हा महिला व बालविकास अधिकारी राज्याचा, आणि शेजारच्याच इमारतीत जिल्हा परिषदेचा वेगळा महिला व बालकल्याण विभाग. गावातून आलेल्या बाईला कुठल्या दारात जायचं, हे आधी कुणाला तरी विचारावं लागतं.

बीडच्या ऊसतोड मजुरांकडे पाहिलं की हे जाळं कुठे तुटतं ते समजतं. दसऱ्यानंतर कोयते निघतात. मूल बरोबर नेलं तर त्याची शाळा जाते, गावी ठेवलं तर त्याच्यावर नजर ठेवणारं कुणी नसतं. मुलगी मोठी असेल तर तिला एकटी ठेवण्यापेक्षा लग्न लावलेलं बरं, असं घरच्यांना वाटतं. या मुलांची शाळा सुटू नये म्हणून साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. ज्या गावात वसतिगृह वेळेवर सुरू होतं, तिथे मुली शाळेत टिकतात. जिथे मंजुरी हंगाम अर्धा संपल्यावर येते, तिथे ग्रामसेवकाने लग्नाच्या मांडवात जाऊन काय थांबवायचं? त्याच्याकडे घरपट्टीपासून पाणीपुरवठ्यापर्यंत सगळी कामं असतात, आणि बरेचदा एकाहून अधिक गावं. फुल्यांनी १८८२ मध्ये वर्णन केलेला कामाखाली दबलेला गावचा अधिकारी तो हाच.

२०१३ मध्ये राज्याने १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा रद्द केला आणि नगरपालिका, महापालिकांची शिक्षण मंडळं इतिहासजमा होण्याच्या मार्गाला लागली. गणवेश आणि वह्यांच्या खरेदीवरून त्यांची बदनामी झाली होती, आणि ती गेल्याचं फारसं कुणाला वाईट वाटलं नाही. पण शहरात मुलांच्या नावाने बसणारी, सभा घेणारी, निवडून आलेल्यांना उत्तर द्यायला लावणारी ती एक जागा होती. ती दुरुस्त करायला हवी होती, मोडून टाकायला नको होती. पुढे २०२२ नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात शिक्षण समितीची बैठक नाही, प्रश्न विचारणारा नगरसेवक नाही, की उत्तर देणारा सभापती नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतच दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि लोक रेल्वेमार्गावर उतरले. त्यानंतर शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि समित्यांविषयी तातडीचे आदेश निघाले. मुलींच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला राज्याने २०२२ मध्येच सांगितलेलं होतं.

नव्या समित्यांची या राज्यात उणीव नाही. उणीव आहे ती न सांगता भेट देणाऱ्या पावलांची, आणि त्या भेटीत काय दिसलं ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घेणाऱ्या सभासदांची. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांच्या असतात, ग्रामसभेत बोलायचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे, प्रभागाचा नगरसेवक आपल्याच मतावर निवडून येतो. म्हणून पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरसेवकाच्या दारात प्रत्येकाने दोन प्रश्न जरूर विचारावेत: आपल्या हद्दीतल्या मुलांची नोंदवही कुठे आहे, आणि बाल संरक्षण समितीची शेवटची बैठक कधी झाली? उत्तर मिळालं नाही, तर ते पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावेत.